रिपोर्टवरची पट्टी आणि समोरचं मूल

डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे कातडी आणि स्नायूंना सूज आणणारा आजार, झालेल्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवर कधी ‘टिफ-वन गॅमा’ येते. ही एक ऑटोअँटीबॉडी, म्हणजे आपल्याच शरीराविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी. हे नाव मोबाइलवर शोधलं की आधी समोर येतो तो कॅन्सर, आणि आईबापांची झोप उडते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तो मजकूर खोटा नाही, पण तो मोठ्या माणसांविषयी आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला डर्मॅटोमायोसायटिस झाला आणि रक्तात ही ऑटोअँटीबॉडी सापडली, तर आम्ही कॅन्सरचा कसून शोध घेतो. सात वर्षांच्या मुलीत तीच सापडली तर कॅन्सरशी तसा संबंध दिसत नाही. तिथे ती वेगळंच सांगते: पुरळ चिवट असेल, कातडीखालची चरबी जागोजागी झिजू शकेल, औषधं लांबतील.

मुलांमधला हा आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाख मुलांमागे दोन ते चार, मुलींमध्ये जास्त. पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर, खडबडीत चट्टे, असं पुस्तकात असतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो जांभळा रंग पटकन कळत नाही. नुसता काळपट डाग दिसतो आणि ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून मलम दिलं जातं. अशा वेळी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहा. तिथल्या केशवाहिन्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या दिसतात, मध्येच नाहीशा झालेल्या असतात.

आणि मुलाला जमिनीवरून उठताना पाहा. मांडी घालून जेवायला बसलेली मुलगी उठताना आधी पालथी होते, हातापायांवर येते, मग स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत सरळ होते. जिना चढताना कठडा धरते. वेणी घालताना हात खाली येतात. घरचे म्हणतात, हल्ली फार आळशी झालीय!

इथे बसलेल्या फॅमिली डॉक्टरांना एक विनंती. एसजीपीटी, एसजीओटी वाढलं की लगेच यकृतावर ठपका ठेवू नका. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात उतरतात. कावीळ समजून तेल-तूप बंद होतं, आणि तिकडे स्नायू झिजत राहतात. सोबत सीपीके (हे स्नायूंचं एन्झाइम) आणि गॅमा-जीटी (हे स्नायूंतून येत नाही) करून घ्या. सीपीके नॉर्मल आलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, या आजारात तेही घडतं.

आता अँटीबॉडी. साठ-सत्तर टक्के मुलांत एखादी तरी सापडते, आणि या आजाराच्या खास अँटीबॉडींपैकी बहुधा एकच. एनएक्सपी-टू ही अँटीबॉडी असेल तर स्नायूंचा अशक्तपणा जास्त, आणि कातडीखाली कॅल्शियमच्या गाठी होण्याची भीती. कोपर, गुडघा, कुल्ला चाचपायचा. गाठ फुटून खडूसारखा पांढरा चिकट द्रव बाहेर येतो, त्याला पू समजून चिरत बसू नये. अशा मुलाच्या पोटात कळ आली तर ती गांभीर्याने घ्यावी, आतड्याच्या रक्तवाहिन्याही आजाराच्या तावडीत सापडू शकतात. एमआय-टू अँटीबॉडीवाली मुलं सहसा औषधांना चांगली साथ देतात. एसआरपी अँटीबॉडीवाली नाहीत: सीपीके हजारोंत, पुरळ नाही, स्नायू झपाट्याने जातात. ती मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायूविकाराच्या फाइलमध्ये अडकून पडतात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण यांच्यावर उपचार आहेत.

एमडीए-फाइव्ह ही अँटीबॉडी फसवी आहे. मूल धावतंय, ताकद ठीक, फक्त सांधे सुजलेत, तोंडात आणि बोटांवर व्रण. अशा वेळी फुप्फुसांकडे बघा. पूर्व आशियातल्या रुग्णांत ही जास्त आढळते, आणि तिथे फुप्फुसाचा आजार काही आठवड्यांत जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत.

स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजारात साधारण एक तृतीयांश मुलं दगावत, एक तृतीयांश अपंग होत. आज मृत्यू फार थोडे. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रिंटो या मुलांच्या संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या चाचणीत एकट्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडपेक्षा प्रेडनिसोन आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) ही जोडी सरस ठरली, म्हणून बहुतेक मुलांची सुरुवात त्या जोडीने होते. अँटीबॉडी कुठलीही असो.

शेवटी लॅबविषयी. बहुतेक ठिकाणी लाइन ब्लॉट नावाची तपासणी होते. रक्तात अँटीबॉडी असेल तर कागदी पट्टीवर रेघ उमटते, आणि फिकट रेघ खोटीही असू शकते. टिफ-वन गॅमाच्या बाबतीत तर ही तपासणी कधी कधी खरी अँटीबॉडीसुद्धा चुकवते. तेव्हा रेघ फिकट, आणि मुलाला ना पुरळ, ना अशक्तपणा, ना नखाशी बदल, तर स्टेरॉइड सुरू करू नका. मूल पुन्हा तपासा, आणि शंका उरलीच तर रक्त दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्या.