हिरव्या जर्सीतला सर्वांत मोठा कोण?

(दृश्य: डब्लिन, लॅन्सडाउन रोड स्टेडियमकडे निघालेली गर्दी. हिरवे स्कार्फ.)

आयर्लंड प्रजासत्ताकाच्या फुटबॉल संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, या वादात जॉर्ज बेस्ट नाही. तो बेलफास्टचा, नॉर्दर्न आयर्लंडकडून ३७ सामने खेळला, आणि आपला प्रश्न डब्लिनच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या, संघाचा आहे. १९२१ मध्ये डब्लिनच्या फुटबॉल मंडळींनी बेलफास्टच्या संघटनेशी फारकत घेतली आणि एका बेटाचे दोन संघ झाले. त्यानंतरही कितीतरी वर्षं दोन्ही संघटना अख्ख्या बेटातून खेळाडू निवडत राहिल्या. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार जॉनी कॅरी तर दोन्ही संघांकडून खेळला. १९४९ मध्ये गुडिसन पार्कवर इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर २-० असं हरवणाऱ्या डब्लिनच्या संघाचा कर्णधारही तोच. कॅरीला खेळताना पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून अशा चर्चांत त्याचं नाव मागे पडतं. पडायला नको.

आकड्यांवरच निकाल लावायचा असेल तर वाद तिथेच मिटतो. रॉबी कीन: १४६ सामने, ६८ गोल. त्याच्यानंतरचा नायल क्विन २१ गोलांवर थांबला.

(दृश्य: इबाराकी, जपान, ५ जून २००२.)

जर्मनी एका गोलने पुढे. भरपाईची वेळ सुरू झालेली. क्विनने डोक्याने चेंडू पुढे ढकलला आणि रॉबीने तो जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानला चुकवून जाळ्यात धाडला. त्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत कानवर झालेला हा एकुलता एक गोल. २००९ मध्ये पॅरिसला, विश्वचषकाच्या पात्रतेसाठी फ्रान्सशी गाठ पडली तेव्हाही गोल रॉबीचाच होता. मग जादा वेळेत थिएरी हेन्रीने हाताने चेंडू अडवला, गॅलासने गोल केला, आणि आयर्लंडचा विश्वचषक गेला. भारतीय प्रेक्षकांनीही रॉबीला जवळून पाहिलं आहे. कारकिर्दीच्या शेवटी, २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये, तो कोलकात्याच्या एटीकेकडून खेळला.

तरीही पहिला मान मी रॉबीला देत नाही. माझी कसोटी एवढीच आहे: क्लबचं वैभव बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, हा माणूस नसता तर हिरवा संघ कुठवर गेला असता?

जॉनी जाइल्सने संघाला शिस्त लावली, हे त्याचं ऋण. १९६९ पर्यंत आयर्लंडचा संघ निवड समिती ठरवत असे. प्रशिक्षकाच्या हाती फारसं काही नसे. लीड्स युनायटेडच्या मधल्या फळीत घडलेला जाइल्स १९७३ मध्ये खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिकांत आला, आणि आपण कुणालाही हरवू शकतो असं त्या संघाला वाटू लागलं.

(दृश्य: डॅलीमाउंट पार्क, ३० ऑक्टोबर १९७४.)

जाइल्सच्याच हाताखाली, याच मैदानावर, अठरा वर्षांचा लियम ब्रेडी सोव्हिएत संघाविरुद्ध पहिला सामना खेळला. आयर्लंड ३-० असं जिंकलं. तिन्ही गोल डॉन गिव्हन्सचे, पण लोक घरी जाताना ब्रेडीच्या डाव्या पायाबद्दल बोलत होते.

निव्वळ खेळाचं सौंदर्य पाहायचं तर ब्रेडीच्या तोडीचा आयरिश खेळाडू झालेला नाही. आर्सेनलमधून तो युव्हेंटसला गेला आणि दोन वर्षांत दोनदा इटलीचा विजेता ठरला. १९८२ मध्ये, आपल्या जागी फ्रान्सचा मिशेल प्लाटिनी येणार हे ठाऊक असताना, त्याने कातान्झारोविरुद्ध पेनल्टी शांतपणे मारली आणि विजेतेपद युव्हेंटसच्या पदरात टाकलं. आयर्लंडकडून मात्र नशिबाने त्याला कधीच साथ दिली नाही. १९८१ मध्ये ब्रसेल्सला, बेल्जियमविरुद्ध, आयर्लंडच्या फ्रँक स्टेपलटनचा गोल पंचांनी नाकारला आणि पुढच्या वर्षीचा विश्वचषक केवळ गोलफरकाने हुकला. १९८७ मध्ये ब्राझीलविरुद्धच्या १-० विजयातला गोल ब्रेडीचा. त्याच वर्षी बल्गेरियाविरुद्ध त्याला मैदानाबाहेर काढण्यात आलं, मग गुडघा गेला, आणि १९८८ ची युरो स्पर्धा त्याच्याविना पार पडली. तेव्हाचा आयर्लंडचा व्यवस्थापक जॅक चार्ल्टन याला मधल्या फळीतून हळूहळू विणलेला खेळ नको होता. त्याला चेंडू लांब, प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीमागे हवा होता. १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध त्याने ब्रेडीला मध्यंतराआधीच बाहेर बोलावलं, आणि ब्रेडीने निवृत्ती जाहीर केली. ७२ सामने, आणि एकही मोठी स्पर्धा नाही. मला हे अजूनही सलतं. चार्ल्टनने आयर्लंडला खूप काही दिलं, पण ब्रेडीला त्याने न्याय दिला नाही.

(दृश्य: लॅन्सडाउन रोड, १ सप्टेंबर २००१.)

आणि रॉय कीन. सामना हॉलंडशी. पहिल्याच मिनिटात त्याने ओव्हरमार्सला असा टॅकल केला की त्या दुपारी काय होणार हे दोन्ही संघांना कळलं. गॅरी केलीला लाल कार्ड मिळालं, आयर्लंड दहा जणांवर आलं, तरीही मॅकटीअरने गोल केला आणि हॉलंड विश्वचषकाबाहेर गेलं. पोर्तुगाल आणि हॉलंड असलेल्या त्या पात्रता गटातून आयर्लंड एकही सामना न हरता पुढे आलं, ते मुख्यतः कॉर्कच्या या माणसाच्या जिद्दीवर.

मग मे २००२ मध्ये सायपान, विश्वचषकाच्या तयारीसाठी संघ उतरला ते प्रशांत महासागरातलं बेट. खडकासारखं कडक सरावमैदान, वेळेवर न पोचलेलं साहित्य, कीनची वृत्तपत्रातली मुलाखत, सगळ्या संघासमोर व्यवस्थापक मिक मॅकार्थीशी झालेलं भांडण. स्पर्धा सुरू होण्याआधीच कर्णधार कीन घरी परतला. देशात घराघरांत दोन तट पडले. तयारीबद्दलच्या त्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. संघटनेच्या कारभारावर नंतर आलेल्या जेनेसिस अहवालाने त्यातल्या बऱ्याचशा उचलून धरल्या. पण संघ त्याच्याशिवाय खेळला, बाद फेरीत गेला आणि स्पेनकडून पेनल्टींवर हरला. तो असता तर काय झालं असतं, हा प्रश्न आयर्लंडला आजही सोडत नाही. माझ्या कसोटीत मात्र तिथेच त्याचा पहिला नंबर जातो. सर्वांत मोठ्या स्पर्धेत हिरवी जर्सी रिकामी राहिली.

(दृश्य: जायंट्स स्टेडियम, न्यू जर्सी, १८ जून १९९४.)

विश्वचषकात समोर इटली. रॉबर्तो बाजो आदल्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. अकराव्या मिनिटाला रे हॉटनने गोल केला, आणि मग उरला फक्त बचाव. बचावफळीच्या मध्यभागी चौतीस वर्षांचा पॉल मॅकग्रा. दोन्ही गुडघ्यांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या. डावा खांदा इतका दुखावलेला की हात नीट वर जात नव्हता. त्याने पायाने अडवलं, डोक्याने अडवलं, एक फटका तर चेहऱ्यावर झेलला. नव्वद मिनिटं तो चेंडू कुठे पडणार हे इटलीच्या आधी ओळखत होता. आयर्लंड १-० असं जिंकलं.

हा माणूस तिथवर पोचला कसा, हेच नवल. लंडनमध्ये जन्म, आई आयरिश, वडील नायजेरियन. बालपण डब्लिन परिसरातल्या अनाथाश्रमांत, जिथे त्याच्या रंगाची मुलं क्वचितच दिसत. सेंट पॅट्रिक्स अॅथलेटिकमधून तो मँचेस्टर युनायटेडला गेला. तिथून निघाला तेव्हा त्याचे गुडघे संपले आहेत असं समजलं जात होतं. अॅस्टन व्हिलात गुडघ्यांना जपण्यासाठी तो फारसा सराव करत नसे आणि थेट सामन्याला उतरे. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. दारूने त्याला फार पोळलं, हे त्याने स्वतः जगासमोर मांडलं आहे. त्यापायी सामनेही हुकले, आणि माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. रॉयला दोष द्यायचा आणि पॉलला सोडून द्यायचं हे बरोबर नाही, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन.

पण मैदानावरची गोष्ट पाहा. १९८८, १९९०, १९९४: आयर्लंडच्या पहिल्या तीनही मोठ्या स्पर्धांत तो होता. चार्ल्टनने त्याला कधी बचावफळीत खेळवलं, कधी तिच्यापुढे मधल्या फळीत. दुसरा कुठलाही आयरिश खेळाडू दोन्हीकडे इतका भारी पडला नाही. इटलीतल्या १९९० च्या विश्वचषकात संघ पाच सामने खेळला आणि गोल केले फक्त दोन. अशा संघाला उपांत्यपूर्व फेरीत जायचं असेल तर मागे गोल होऊ न देणं हाच एक रस्ता उरतो. पाच सामन्यांत आयर्लंडवर तीनच गोल झाले, आणि पाचही सामन्यांत मॅकग्रा मैदानात होता.

ब्रेडी त्याच्यापेक्षा देखणा खेळला. रॉय जास्त जिंकला. रॉबीने कितीतरी जास्त गोल केले. पण आयर्लंडच्या सर्वांत चांगल्या सहा वर्षांतून एकच माणूस काढून पाहायचा ठरवला, तर ज्याच्याशिवाय सगळं कोसळतं तो पॉल मॅकग्रा आहे. माझं मत त्याला.