‘पु. ५, अं. ८’ : जुन्या मासिकांतले ‘पुस्तक’

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मासिकांत काही शोधायला बसलात, की पहिला चकवा देतो तो ‘पुस्तक’ हा रोजचा शब्द. एखाद्या लेखाखाली ‘पु. ५, अं. ८, पृ. २३०’ असा संदर्भ असतो. वाचक ग्रंथालयात जाऊन कुठल्यातरी मालेतला पाचवा ग्रंथ मागतो, तसा ग्रंथ कधी निघालेलाच नसतो, आणि शोध तिथेच थांबतो.

त्या काळी मुखपृष्ठावर ‘मासिक पुस्तक’ असे छापत. ‘मासिक’ हे तेव्हा नुसते विशेषण होते. पुढे नाम गळाले, विशेषणच नाम होऊन बसले, आणि ‘ते मासिक’ हे नपुंसकलिंग तेवढे मागे राहिले. म्हणजे ‘पुस्तक’ हे आधी त्या नियतकालिकाचेच नाव. दुसरा अर्थ वर्षभराच्या अंकांचा संच : ‘पुस्तक ५ वें’ म्हणजे पाचव्या वर्षाचे सगळे अंक. संदर्भातला ‘पु.’ बहुधा हाच. तिसरा अर्थ आपला नेहमीचा. ‘पोच’ किंवा ‘अभिप्राय’ या सदरांत तर हे अर्थ एकमेकांत मिसळतात, कारण तिथे आलेल्या ‘पुस्तकां’त दुसरी मासिकेही असू शकतात. तेवढ्यावरून एखादे शीर्षक ग्रंथांच्या यादीत घालू नये.

कायद्याची भाषाही याच वळणाची होती. छापखाने व पुस्तकनोंदणीचा १८६७ चा २५ वा कायदा पाहा. त्याच्या व्याख्येत खंड, खंडाचा भाग, चोपडी, इतकेच काय सुटा छापलेला नकाशासुद्धा ‘पुस्तक’ ठरत असे. वर्तमानपत्र मात्र सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची चर्चा छापणारे. म्हणून कविता-निबंधांच्या मासिकाचा माग पुस्तकांच्या सरकारी त्रैमासिक यादीतही घ्यावा. या यादीत छापल्याची तारीख, पृष्ठे, आकार, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या अशा नोंदी करायच्या असत. खपाच्या गप्पांपेक्षा ही प्रतसंख्या मला कितीतरी मोलाची वाटते.

आता वरचा संदर्भ सोडवू. समजा, मासिक जुलै १८६७ मध्ये सुरू झाले आणि दरमहा नियमित निघाले. पाचवे पुस्तक जुलै १८७१ मध्ये सुरू होणार, त्याचा आठवा अंक फेब्रुवारी १८७२ चा. इथे हमखास चूक होते : १८६७ मध्ये चार मिळवून ‘१८७१’ लिहून मोकळे होतात. पृष्ठांवरून पडताळा घ्या. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला एक ताव. अष्टपत्री फर्म्यात आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे. दोन फर्म्यांचा अंक बत्तीस पृष्ठांचा. पृष्ठांक वर्षभर सलग चालत असतील तर सात अंकांची पृष्ठे २२४, आणि आठवा अंक २२५ ते २५६. पृष्ठ २३० त्यात बसते. हिशेब जमला.

पृष्ठ बसले नाही, तर लगेच संदर्भाला दोष देऊ नका. जोडअंक निघालेला असतो, एखाद्या महिन्यात फर्मा कमी-जास्त झालेला असतो. क्रमशः कादंबरीला किंवा जुन्या काव्याला वेगळे पृष्ठांक दिलेले असतात, म्हणजे वर्गणीदाराला तेवढी पाने काढून स्वतंत्र बांधता यावीत. अशा वेळी एकाच संचात पृष्ठ ४१ दोनदा-तीनदा सापडते.

काळ शकात दिला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची मासिक ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. तेव्हा शके १७९५ चालू होते. इथे ७८ मिळवले तर एक वर्ष मागे पडाल. पौष मात्र नीट पाहा, तो बहुधा दोन इंग्रजी वर्षांत विभागलेला असतो. अंक मराठी महिन्यांप्रमाणे निघत असतील तर अधिक मासही तपासायला हवा, नाहीतर पुढचे सगळे अंक एका महिन्याने सरकतात.

खरी हानी बांधणीत झाली आहे. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि मलपृष्ठे काढून टाकण्याची रीत होती. महिना, किंमत, वर्गणीची पोच, जाहिराती हे सगळे बहुधा तिथेच असायचे. बांधीव संचात उरतात ते लेख आणि अनुक्रमणिका. म्हणून एका ग्रंथालयातल्या बांधीव संचावर विसंबू नका, सुटे अंक कुठे आहेत का ते पाहा. अंकाच्या पहिल्या पानाचा माथा वाचा. पुस्तक, अंक आणि महिना कधी कधी तिथे दिलेला असतो. छापलेला महिना आणि अंक प्रत्यक्ष हाती पडल्याचा महिना यांतही फरक पडे, कारण अंक उशिरा निघत.

पुढे ‘पुस्तक’ मागे पडून ‘वर्ष ५, अंक ८’ अशी पद्धत रुळली. आज संदर्भ देताना मूळ ‘पु.’ बदलून ‘वर्ष’ करू नका, आहे तसा ठेवा. मासिकाचे नाव, पु. ५, अं. ८, मग तुम्ही काढलेला महिना आणि साल चौकटी कंसात, आणि शेवटी पृष्ठ. कंसामुळे छापलेले कोणते आणि हिशेबाने आलेले कोणते, हे पुढच्या माणसाला कळते.