मणका मोडला खरा, पण केव्हा?

नमस्कार श्रोतेहो.

कंबर धरली म्हणून एक्स-रे काढला जातो आणि रिपोर्टात एक ओळ येते: 'ओल्ड वेज कम्प्रेशन फ्रॅक्चर, एल वन'. मग घरात एकच चर्चा. आई पडली कधी? ती तर म्हणते, कधीच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. हाडं ठिसूळ झाली की मणका दबायला पडावं लागतंच असं नाही. पाण्याची कळशी उचलताना तो दबतो, एसटीच्या मागच्या बाकावर बसलं असताना गतिरोधकावर आदळूनही दबतो. चार दिवस पाठ दुखते, 'उसण भरली' म्हणून तेल चोळलं जातं आणि विषय संपतो. अशा दबलेल्या मणक्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश त्या वेळी कोणाच्या ध्यानातच येत नाहीत.

आधी रिपोर्टातली अक्षरं लावून घेऊ. मानेचे सात मणके म्हणजे सी, पाठीचे बारा म्हणजे डी, कमरेचे पाच म्हणजे एल. पाठीच्या मणक्यांना काही ठिकाणी डीऐवजी टी लिहितात आणि एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रालाही टी वनच म्हणतात. तेव्हा गोंधळू नका. सर्वाधिक मोडतात ते डी १२ आणि एल १. फासळ्यांनी आवळलेली ताठ पाठ जिथे लवचीक कमरेला मिळते, तो हा सांधा. सारा ताण तिथे एकवटतो.

'वेज' म्हणजे पाचर. मणक्याची पुढची बाजू खचते, मागची उभी राहते. किती खचली याचं गणित सोपं आहे. मागची उंची २८ मिलिमीटर आणि पुढची २०, म्हणजे ८ मिलिमीटर गेले, साधारण २९ टक्के. २० ते २५ टक्के घट सौम्य, २५ ते ४० मध्यम, त्यापुढे तीव्र. मात्र डी १२ आणि एल १ हे मणके मुळातच पुढून किंचित बुटके असतात. त्यामुळे पाच-दहा टक्क्यांचा फरक दिसला म्हणून कोणी 'फ्रॅक्चर' म्हटलं, तर दुसऱ्या नजरेनं पाहून घ्यावं.

आता मुख्य प्रश्न, जुनं की ताजं? इथे एक्स-रे कमी पडतो. त्यात आकार दिसतो, वय दिसत नाही. कडेला हाडाचे काटे वाढलेले दिसले तर जुनं असण्याकडे कल झुकतो, इतकंच. खरा भरवशाचा पुरावा म्हणजे तुमचाच जुना एक्स-रे. पाच वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झाला असेल, तर त्यातही कमरेचे मणके आलेले असतात. ती सीडी शोधा. जुनी फिल्म रद्दीत देणाऱ्यांनी किती एमआरआयचा खर्च ओढवून घेतला असेल, कोण जाणे!

तुलनेला काहीच नसेल तर एमआरआय. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या मगजात, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गरात, चरबी असते आणि टी वन चित्रात चरबी उजळ दिसते. हाड ताजं मोडलं की मगजात पाणी आणि रक्त उतरतं. मग तो मणका टी वनमध्ये काळवंडतो आणि 'स्टिर' नावाच्या चित्रात पांढरा चमकतो, कारण स्टिरमध्ये चरबी दाबून टाकलेली असते आणि पाणी तेवढं उठून दिसतं. रिपोर्टात याला 'मॅरो इडिमा' म्हणतात. काही महिन्यांत ही सूज ओसरते आणि मणका शेजाऱ्यांसारखाच दिसू लागतो, फक्त चपटा. म्हणून 'नो मॅरो इडिमा' हे शब्द आले, तर आजचं दुखणं बहुधा त्या मणक्याच्या ताज्या जखमेचं नाही. ते स्नायूंचं असेल, दोन मणक्यांमधल्या गादीचं असेल किंवा पाठीला आलेल्या बाकाचं. हा फरक खिशाशीही जोडलेला आहे. दबलेल्या मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट भरण्याचा एक उपचार असतो, पण भरून आलेल्या जुन्या मणक्यात ते भरून दुखणं जात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर बाक थोडा सरळ होतो. पोक खरंच किती आलंय ते पाहायचं तर उभं राहून, बाजूने काढलेला एक्स-रे हवा.

प्रत्येक दबलेला मणका ठिसूळपणानेच दबतो असंही नाही. लागून असलेले दोन मणके आणि मधली गादी झिजलेली, बाजूला पू साठलेला, ताप, वजनात घट, असं असेल तर आपल्याकडे पहिली शंका क्षयाची घ्यावी लागते. मणक्याची मागची भिंत फुगलेली किंवा मागचे खांब, म्हणजे 'पेडिकल', खाल्ले गेलेले असतील तर कर्करोगाची तपासणी करतात.

'रेट्रोपल्शन' हा शब्द दिसला, तर हाडाचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या पोकळीत सरकला आहे. मज्जारज्जू साधारण एल १-एल २ पाशी संपतो, त्यामुळे डी १२ चा तुकडा एल ४ च्या तुकड्यापेक्षा जास्त धोक्याचा. पायातली ताकद कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेवर बधिरता, यांपैकी काहीही नव्याने सुरू झालं तर फ्रॅक्चर कितीही जुनं असो, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. माडावरून पडून मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी तर अनेक वर्षांनंतरही सावध राहावं. रज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते. हाताला गरम-गार कळेनासं होणं ही तिची एक खूण.

आणि 'जुनं आहे ना, मग सोडून द्या' हे चुकतं. मणका नुकताच दबलेल्या वयस्कर स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीचा दुसरा मणका वर्षभरात दबतो. मार न लागता मणका दबला, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, ठिसूळपणाच्या उणे २.५ या रेषेपर्यंत उतरलेला नसला तरी ठिसूळपणाच्या औषधांचा विचार करावाच लागतो. डेक्साला जाताना एक सांगायला विसरू नका: कुठला मणका दबलाय ते. दबलेलं हाड दाट भासतं, आकडा खोटाच चांगला येतो. तो मणका हिशेबातून वगळायला सांगा.