उत्तराची वाट किती पाहायची?

श्रोतेहो, नमस्कार. वस्तीचं वायरलेस जाळं वस्तीतल्या माणसांनीच उभारायचं आणि त्यांनीच चालवायचं, तर त्यांना शिकवायला सुरुवात कुठून करावी? पडद्यावरच्या आकृत्यांनी नको. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात केबल, प्लग आणि क्रिम्पिंगची, म्हणजे प्लग केबलवर दाबून बसवायची पक्कड द्या. दहा-दहा प्लग लावू द्या. क्लिप खाली धरून डावीकडून तारांचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पुन्हा सांगतो, दोन्ही टोकांना हाच. मग टेस्टर लावा, आणि लागला नाही तो प्लग कापून आत काय चुकलं ते बघा.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट सांगावीच.

एप्रिल २००६, व्हेनेझुएला. वायरलेस जाळ्यांचे तज्ज्ञ एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ठिकाणं वाय-फायनं जोडली. अंतर किती? २७९ किलोमीटर. उपकरण कोणतं? घरात वापरतात तसले साधे लिंकसिसचे राउटर. अँटेना म्हणून मोठ्या थाळ्या. एक टोक पिको देल आगिला या ४,००० मीटरहून उंच शिखरावर, दुसरं खाली मैदानात एल बाऊलला. इतक्या अंतरावर पृथ्वीचा फुगवटाच मधे येतो, म्हणून निदान एक टोक असं उंचावर हवं.

जोडणी झाली, पण वेग मिळाला सेकंदाला सुमारे ६५ किलोबिट. का? वाय-फायचा रेडिओ माहितीचा एक तुकडा पाठवतो आणि तो मिळाल्याची पोच येण्याची वाट बघतो. नेहमीच्या मांडणीत ही वाट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात, तेही काही डझनच. प्रकाशाच्या वेगानं धावणाऱ्या लहरीला २७९ किलोमीटर जाऊन परत यायला जवळजवळ दोन मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्याच्या कित्येक पट. पोच वाटेत असतानाच पाठवणारा म्हणतो, हरवलं, आणि तोच तुकडा पुन्हा पाठवतो. म्हणून ही वाट वाढवावी लागते. वाढवली तरी प्रत्येक तुकड्यामागे तेवढा वेळ रिकामा जातोच. पुढे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या टिअर या संशोधक गटानं दोन्ही टोकांना बोलायच्या पाळ्या ठरवून दिल्या, आणि प्रत्येक दिशेला सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट मिळू लागले. २००७ मध्ये असंच ३८२ किलोमीटरचं अंतर जोडलं गेलं.

तुमचा दुवा, म्हणजे दोन टोकांमधली जोडणी, असेल ५ किलोमीटरचा. तिथं जाण्यायेण्याला ३३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाखावे ३३ भाग. तरीही रेडिओच्या मांडणीत अंतराचा रकाना असतो, त्यात खऱ्या अंतरापेक्षा थोडं जास्त भरा. सिग्नल उत्तम आणि वेग रांगतोय, असं दिसलं तर आधी तो रकाना बघा. सिग्नल उत्तम, वेग रांगतोय: तो रकाना. वर्गात शिक्षकानं मुद्दाम तिथं एक किलोमीटर लिहून ठेवावं आणि शिकणाऱ्यांना दोष शोधू द्यावा.

दुव्याचा मार्ग कागदी नकाशावर आखायला लावा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, वाचणं हल्ली मोठ्या माणसांनाही येत नाही, आणि शाळेतल्या भूगोलानं याची लाज बाळगावी, असं मला मनापासून वाटतं. असो. नुसतं समोरचं टोक दिसणं पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्झला ५ किलोमीटरच्या मध्यावर लहरींचा पट्टा दोन टोकांमधल्या सरळ रेषेपासून आठ मीटरपर्यंत पसरतो. त्यातले पाच मीटर तरी मोकळे हवेत. आज पट्ट्याबाहेर असलेलं झाड दोन वर्षांनी आडवं येतं, आणि ओली पानं सिग्नल शोषतात.

खांबावर एकट्यानं चढायचं नाही, गडगडाट असेल तर मुळीच नाही, आणि सुरक्षा-पट्ट्याशिवाय कधीच नाही. केबल आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

सुटे भाग? एक रेडिओ, एक इंजेक्टर (केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा), वीस प्लग कायम हाताशी. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ व्होल्टचा इंजेक्टर लावला, तर रेडिओ जळू शकतो, म्हणून इंजेक्टरवर रंगाची खूण करा. आणि दुवा लागला त्याच दिवशी दोन्ही टोकांचा सिग्नल वहीत लिहा. हा आकडा शून्यापासून जितका खाली, तितका सिग्नल कमजोर. उणे ६२ लिहिलेलं असेल आणि आज उणे ७५ दिसत असेल, तर थाळी हलली आहे, झाड वाढलं आहे किंवा जोडात पाणी शिरलं आहे. तपासणी तिथूनच सुरू करा.