कलेक्टर कचेरी किती लांब? ठाण्यातून पालघर होताना

(मोखाडा एसटी स्थानक, पहाट. सुरुवातीला फक्त आवाज. निवेदन गाडी सुटल्यावर.)

मोखाड्याहून पहाटेची गाडी सुटली की जव्हार येईपर्यंत खिडकीबाहेर काही दिसत नाही. काचेवर धुकं असतं. तिसऱ्या बाकावरच्या काकांच्या मांडीवर जी पिशवी आहे, तिच्यात वनहक्काच्या दाव्याचे कागद आहेत. आधी प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक. ग्रामसभेचा ठराव, हातानं काढलेला नकाशा आणि वडिलांच्या नावच्या दंडाच्या पावत्या. जंगलात नांगर धरला म्हणून तेव्हा दंड भरला, आज तीच पावती कसत असल्याचा पुरावा आहे. या दाव्यावर शेवटचा निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. तिचे अध्यक्ष कलेक्टर. कलेक्टर बसतात पालघरला. मोखाड्याहून शंभरेक किलोमीटर.

2014 पर्यंत जिल्ह्याच्या कामाला ठाण्याला जावं लागे. पालघर जिल्हा झाला तो या प्रवासामुळे. पण ती गोष्ट सांगायची, तर आधी ठाणे जिल्हा कसा कसा आक्रसत गेला ते सांगायला हवं.

(जुना नकाशा. कॅमेरा वरून खाली, सावकाश.)

1817 साली उत्तर कोकण पेशव्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं आणि ठाण्यात कलेक्टर बसला. पुढे दक्षिण कोकणातले तीन तालुके याला जोडले. नकाशावर बोट ठेवा: वर दमणच्या शिवेपासून खाली पार महाडपर्यंत हा सगळा एक जिल्हा! मध्ये वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, सावित्री. पूल नाहीत, पावसाळ्यात वाटा बंद. जिल्हा आखताना हिशेब होता शेतसाऱ्याचा, माणसांच्या पायांचा नव्हे. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाऊस सरला की कलेक्टर आणि त्यांचे असिस्टंट तंबू घेऊन मुलखात फिरत. जमाबंदीसाठी का होईना, कचेरी गावाच्या वेशीपर्यंत येत असे.

एवढा पसारा आवरेना. 1853 मध्ये पेण, रोहा, महाड हा भाग कुलाब्याची उपकलेक्टरी म्हणून वेगळा काढला आणि 1869 मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला. मागाहून पनवेल आणि कर्जतही तिकडे गेले. हाच कुलाबा 1981 पासून रायगड.

(लोकल गाडी, वांद्र्याची खाडी.)

ही खाडी ओलांडली की जे वांद्रे लागतं, ते 1920 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. अंधेरीही. त्या वर्षी साष्टीचा दक्षिण भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा केला. तो पुढे मुंबईत विरघळला आणि 1990 मध्ये पुन्हा वेगळा झाला. ठाण्याची पुढची वजाबाकी 1960 ची. मराठी राज्य आलं, पण उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. जी गावं इकडे राहिली, त्यांचा तलासरी झाला.

या सगळ्या वजाबाकीत एक बेरीज आहे, आणि आमच्या मते याच बेरजेकडे कुणी नीट बघितलं नाही.

(जव्हार, जयविलास राजवाडा. पायऱ्या, कमानी, वरून दिसणारी दरी.)

हे जव्हार. मुकण्यांचं, महादेव कोळी राजघराण्याचं संस्थान. स्वातंत्र्यानंतर ते विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्याला जोडलं गेलं. संस्थान होतं तोवर फिर्याद इथे, निवाडा इथे. माणूस सकाळी पाड्यावरून निघाला, की उन्हं कलायच्या आत या चौकात पोचत होता. विलीनीकरणानंतर ही राजधानी तालुक्याचं गाव झाली आणि मोठी कामं ठाण्याला गेली. या कमानींकडे बघताना जव्हारकरांना काय आठवतं, ते त्यांच्या तोंडूनच ऐकावं.

(जव्हारच्या आजोबांचं बोलणं. इथे निवेदन नाही.)

राज्य झालं तेव्हा महाराष्ट्रात 26 जिल्हे होते. 1 मे 1981 ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, सिंधुदुर्ग आणि जालना झाले. पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली. 1990 मध्ये मुंबई उपनगर, ते वर आलंच आहे. 1998 मध्ये नंदुरबार आणि वाशीम. वाशीमला जिल्हा नवा नव्हता. 1905 पर्यंत तो होताच, वऱ्हाडाची फेररचना झाली तेव्हा अकोल्यात गेला आणि परत मिळायला 93 वर्षं लागली. 1999 मध्ये हिंगोली आणि गोंदिया. मग पंधरा वर्षं एकही नाही.

(राजपत्राचं पान. अक्षरं वाचता येतील इतकं जवळून.)

जिल्हा करायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966, कलम 4. शासन आधी प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती मागवतं, त्या ऐकतं आणि राजपत्रात शेवटची अधिसूचना छापून येते. कुठले तालुके घ्यायचे आणि मुख्यालय कुठे, हे या पानावर ठरतं. दोन-चार ओळींचाच मजकूर असतो, आणि पाड्यावरच्या माणसाचा पुढच्या कित्येक वर्षांचा रस्ता त्यात लिहिलेला असतो.

ठाण्याचं विभाजन किती वर्षं अडलं होतं ते इथे कुणालाही विचारा. 2011 च्या जनगणनेत ठाणे देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा निघाला, एक कोटी दहा लाखांवर माणसं. एकाच कलेक्टरकडे मीरा-भाईंदरच्या इमारती आणि मोखाड्याचे डोंगरातले पाडे. इथले लोक म्हणतात, जिल्हा तीन प्रकारचा: सागरी, नागरी आणि डोंगरी. फाईल आधी नागरी भागाची हलायची.

डोंगराची आठवण व्हायला 1992-93 चं वावर-वांगणी घडावं लागलं. जव्हार तालुक्यातल्या या गावांमध्ये शंभरावर बालकं कुपोषणानं आणि आजारानं दगावली. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. या भागाला स्वतःचा अधिकारी हवा, हे तिथे शासनानंही मानलं. म्हणून जिल्हा होणार म्हटल्यावर मुख्यालय जव्हारलाच, असं डोंगरातली माणसं धरून चालली होती. मोर्चे निघाले, बंद पाळले. पालघरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता: पश्चिम रेल्वे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, शासकीय जागा. रेल्वेचा मुद्दा वरचढ ठरला.

1 ऑगस्ट 2014. विधानसभेची निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर होती. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा अशा आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. महाराष्ट्राचा छत्तिसावा. जुन्या ठाण्याच्या 9558 चौरस किलोमीटरपैकी 5344 इकडे आले, माणसं मात्र जेमतेम तीस लाख. म्हणजे जमीन निम्म्याहून जास्त आणि वस्ती पावपट. विरळ वस्तीच्या जिल्ह्यात मुख्यालय मध्यावर असावं लागतं. ते आलं पश्चिम टोकाला, समुद्राजवळ.

(ड्रोन: पालघरचं जिल्हा मुख्यालय. शॉट पूर्ण ठेवावा.)

सिडकोनं बांधलेलं हे मुख्यालय 2021 मध्ये सुरू झालं. कलेक्टर, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, सगळं एका आवारात. इमारत देखणी आहे, कामकाजाला सोयीची आहे, आणि वसई-डहाणूच्या माणसाला लोकलमधून उतरून गाठता येते. दवाखान्याचं सांगायचं, तर जव्हार-मोखाड्यातला अत्यवस्थ रुग्ण अजूनही नाशिकला नेतात.

(पुन्हा एसटी. विक्रमगड, मनोर, वाघोबा खिंड.)

साडेअकरा वाजलेत. खिंड उतरली की पालघर. काका पिशवी सोडतात, एकेक थर उलगडतात. टॉवेल खांद्यावर टाकतात, कागद छातीशी धरतात. कचेरीच्या खिडकीशी चौघं आधीच उभे आहेत: एक तलासरीचा, दोघं वाड्याचे, एक बाई डहाणूच्या. सगळ्यांच्या हातात तशीच पिशवी.

आवक शाखेचा शिक्का अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बसतो. शाई ओली आहे म्हणून काका त्यावर फुंकर घालतात. साहेब बैठकीला गेलेत, पुढच्या आठवड्यात या, असं आतून सांगितलं जातं. जव्हारची गाडी मिळाली, तरी तिथून मोखाड्याची मुक्कामी गाठायची असते. ती चुकली की रात्र जव्हारच्या स्थानकात.

(परतीची गाडी, खिंडीत संध्याकाळ. निवेदन नाही. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत.)