दातेरी रुळावरचं वाफेचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार.

कोयना एक्सप्रेसनं मुंबईहून कोल्हापूरला परत येताना कर्जतला गाडी थांबते आणि आपण वडा घेतो. तेवढ्या वेळात गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, बँकर मागून रेटतात आणि गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला येते. हा चढ सदतिसाला एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू न देता चढायला एवढा चढसुद्धा फार झाला.

आता बाराला एक असा चढ मनात आणा. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात कल्लार ते कुन्नूर हा सुमारे एकोणीस किलोमीटरचा रेल्वेमार्ग तसा आहे. तिथं मागं कितीही बँकर लावले तरी साधं चाक टिकत नाही. जोर कमी पडतो म्हणावं तर तसं नाही, पकड कमी पडते. इंजिनाच्या पोटात कितीही वाफ असू दे, चाक जागच्या जागी गरगरलं तर ती वाफ फुकट. म्हणून त्या मार्गावर दोन रुळांच्या मधोमध पोलादी दात्यांच्या पट्ट्या टाकल्या आहेत आणि इंजिनाच्या पोटाखालचं पिनिअन, म्हणजे छोटं दातेरी चाक, त्यांत रुतत रुतत गाडी वर नेतं. आजच्या भाषणात मला या इंजिनाबद्दल बोलायचं आहे. माझं उभं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअर कापण्यात गेलं. त्यामुळं या गाडीकडं मी पर्यटक म्हणून कमी आणि गिअरवाला म्हणून जास्त पाहिलं.

दाते लावायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात लीड्सजवळ जॉन ब्लेंकिन्सॉपनं 1812 साली कोळशाच्या गाड्यांसाठी रुळाच्या कडेला दाते बसवले होते. तो मार्ग काही डोंगरातला नव्हता. हलकं इंजिन गुळगुळीत रुळावर पकड घेईल का, याचाच तेव्हा भरवसा नव्हता. इंजिन पकड घेतं हे लवकरच सिद्ध झालं आणि दाते मागं पडले. ते परत आले डोंगरासाठी. 1869 साली अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर सिल्व्हेस्टर मार्शनं दातेरी रेल्वे नेली. दोन वर्षांनी, 1871 ला, स्वित्झर्लंडमध्ये निक्लाउस रिगेनबाखची गाडी रिगी पर्वतावर चढली. या दोघांची रचना शिडीसारखी होती, दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये आडवे दांडे.

रिगेनबाखच्या हाताखाली काम केलेला रोमान आब्ट नावाचा इंजिनिअर होता. त्यानं जे केलं ते गिअरच्या धंद्यातल्या माणसाला ऐकताक्षणी पटेल. त्यानं दांड्यांची शिडी काढून टाकली आणि सपाट पोलादी पट्टीतच दाते कापले. अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या, पण एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येईल अशा सरकवून. पिनिअनसुद्धा तसंच जोडीचं. त्यामुळं एक दाता सुटत असतो तेव्हा शेजारचा पुरता धरलेला असतो. अवघड कडा चढणारा माणूस एक हात सोडण्याआधी दुसरा घट्ट करतो, तसं. पकड कधी तुटत नाही, हिसका बसत नाही आणि भार एकाच दात्यावर येत नाही. ज्यानं गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकलाय त्याला या सरकवण्याची किंमत सांगायला नको. निलगिरीच्या मार्गावर ही आब्टची पद्धत आहे.

निलगिरीत रेल्वे न्यायचा प्रस्ताव पहिल्यांदा 1854 मध्ये आला होता. प्रत्यक्ष काम सुरू झालं 1891 मध्ये. कोल्हापूरकरांना हे साल चटकन ओळखीचं वाटेल. त्याच वर्षी मिरजेहून आपल्या गावात पहिली गाडी आली, संस्थाननं स्वतःच्या खर्चानं आणलेली. आपला मार्ग पंचगंगेच्या काठानं सपाटीवरून आला, तो तीनेक वर्षांत झाला. निलगिरीत पायथ्याच्या मेट्टुपालयमहून कुन्नूरला पोचायला 1899 उजाडलं आणि उटीला गाडी गेली 1908 मध्ये. मधल्या काळात पहिली कंपनी बुडाली. 46 किलोमीटरच्या या मार्गावर 16 बोगदे आणि अडीचशे पूल आहेत. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, उटी बावीसशे मीटरवर.

आता इंजिनाकडं येतो, मला जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दलच. या इंजिनांना एक्स क्लास म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात ती घडली. पहिली 1914 च्या सुमाराची, शेवटची 1952 ची. बाहेरून पाहिलं तर प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर दिसतात, मिळून चार. खालची जोडी साध्या चाकांना फिरवते. वरची जोडी फक्त दातेरी पिनिअनला. सपाटीवर खालचे दोनच सिलिंडर काम करतात, वरचे गप्प. चढाला लागल्यावर खालच्या सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ वाया जाऊ देत नाहीत, ती वरच्या सिलिंडरमध्ये सोडतात आणि उरलेल्या दाबावर पिनिअन फिरतं. एकाच बॉयलरवर दोन इंजिनं, आणि दुसरं पहिल्याच्या उरलेल्या वाफेवर चालतं. ज्यानं हे ड्रॉइंग पहिल्यांदा काढलं त्याला मी मनोमन नमस्कार केला आहे.

कल्लार सोडलं की दातेरी पट्टी सुरू होते. तो क्षण चुकवू नका. गाडीचा वेग जवळजवळ चालण्याइतका उतरतो. पट्टीचा सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो, कारण पिनिअनचा दाता थेट पट्टीच्या दात्यावर आपटला तर दोघांपैकी एकाचा तुकडा पडणार. स्प्रिंगमुळं पट्टी थोडी दबते, दाता खाचेत शिरतो आणि मग पक्की पट्टी चालू होते. ड्रायव्हर पिनिअन आधीच हळू फिरतं ठेवतो. डब्यात बसलेल्याला एक बारीकशी थरथर जाणवते आणि मग इंजिनाचा आवाज बदलतो. दातेरी भागात ताशी तेरा किलोमीटर हा वेग. तिथून पुढं घाई नाही.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ड्रायव्हर-फायरमनचं अर्धं लक्ष तिच्यावर असतं. बॉयलरमधलं पाणी. आगीच्या पेटीचं छत कायम पाण्याखाली पाहिजे. ते उघडं पडलं तर लाल होऊन मऊ पडतं आणि बॉयलर फुटतो. सपाटीवर पाणी सारखं राहतं, चढावर ते खालच्या टोकाकडं सरकतं. बाराला एक चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरच्या दोन टोकांत पाण्याचा पंचवीस सेंटिमीटरचा फरक पडतो, हिशेब करून बघा. रिगीवरच्या पहिल्या इंजिनांत यावर उपाय म्हणून बॉयलर उभाच ठेवला होता. त्यांतलं 1873 चं सात नंबरचं इंजिन आजही जपून ठेवलंय. नंतर बॉयलर आडवा, पण चढाच्या उलट तिरका बसवायला लागले. निलगिरीत गाडीला सपाटीवरही चालायचं आणि चढावरही, त्यामुळं तसा फार तिरका बॉयलर चालत नाही. तिथं काचेच्या नळीतल्या पाण्याच्या रेषेवर माणसाची नजर हाच उपाय. शिवाय पेटीच्या छताला शिशाचा एक बूच असतो. पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ आगीत घुसते आणि आग दबते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ही सुरक्षा, तिला वायर नाही की सेन्सर नाही.

चढण्यापेक्षा उतरणं जास्त जोखमीचं. इंजिन कायम उताराच्या बाजूला असतं. चढताना ते गाडीच्या मागं राहून रेटतं, उतरताना पुढं राहून अडवतं. त्यामुळं एखादी कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, तुटली तरी डबे इंजिनावर टेकून राहतात, दरीत धावत सुटत नाहीत. उतरताना वाफ बंद करतात आणि सिलिंडरमध्ये हवा ओढून ती दाबायला लावतात. जे पिस्टन वर चढवताना ढकलत होते तेच आता हवा दाबताना गाडीला मागं धरतात. त्यात हवा भयंकर तापते, म्हणून सिलिंडरमध्ये थोडं थोडं पाणी सोडावं लागतं. चाकांचे ब्रेक वेगळे, पिनिअनचे वेगळे, हातानं फिरवायचे वेगळे.

इंजिन मागं असल्यामुळं चढताना ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. सगळ्यांत पुढच्या डब्याच्या ओट्यावर ब्रेकमन उभा असतो. पुढं दरड आहे का, हत्ती आहे का, ते तो बघतो आणि झेंडी दाखवतो. प्रत्येक डब्यावर असा एकेक माणूस. मी ज्या डब्यात होतो तिथल्या ब्रेकमनचा डावा हात ब्रेकच्या चक्रावर होता आणि तो बोटांनी चक्र धरून न ठेवता नुसता टेकवून होता. मी विचारलं तर म्हणाला, धातूतून गाडी कळते. लेथवर काम केलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं.

लोक या गाडीला टॉय ट्रेन म्हणतात. मला हे आवडत नाही. लहान दिसते म्हणून खेळणं? माथेरानची गाडीही छोटीच, तिचे रूळ तर याहून अरुंद आहेत. पण माथेरानला दाते नाहीत. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकारानं झालेला तो मार्ग वीसाला एक चढावर साध्या चाकांनीच वर जातो, डोंगराला वळसे घेत घेत. ती वेगळी करामत आहे, आणि आपल्या महाराष्ट्राची आहे. तरी दातेरी रेल्वे म्हटलं की आपली माणसं माथेरानचंच नाव घेतात. भारतात अशी प्रवासी रेल्वे निलगिरीतच आहे. 2005 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं ते काही तिचा रंग सुंदर म्हणून नाही.

युरोपातल्या बहुतेक दातेरी रेल्वे केव्हाच विजेवर गेल्या. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ रोटहॉर्नवर मात्र वाफ टिकली, आणि तिथं 1992 मध्ये तेलावर चालणारं नवं कोरं वाफेचं इंजिन आलं. आपल्याकडं काय झालं ते ऐका. एक्स क्लासची जुनी इंजिनं थकली. ज्या कारखान्यानं ती केली तो आता इंजिनं करत नाही. सुटे भाग मागवायचे कुठून? तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक रेल्वे वर्कशॉपनं ठरवलं की आपणच इंजिन करू. 2011 मध्ये त्यांचं पहिलं तेलावरचं एक्स क्लास इंजिन बाहेर पडलं. 2021 मध्ये कोळशावर चालणारंही केलं. बॉयलर, चार सिलिंडर, पिनिअन, हजारो भाग. जुनं ड्रॉइंग वाचायचं, जिथं ड्रॉइंग नाही तिथं झिजलेला भाग मोजायचा, तो नवा असताना किती मापाचा असेल याचा अंदाज बांधायचा, पॅटर्न करायचा, ओतायचा, घासायचा, बसवून बघायचा.

उद्यमनगरातल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या माझ्या बंधूंनो, हे काम आपल्याला परकं आहे का? परदेशी मशीनचा तुटलेला गिअर पिशवीत घालून माणूस आपल्या दारात येतो आणि संध्याकाळी नवा घेऊन जातो. हे आपण किती वर्षं करतोय. मला फार मनापासून वाटतं की आपल्या आयटीआयची, पॉलिटेक्निकची पोरं सहलीला गोव्याला जातात तशी एकदा कुन्नूरला न्यावीत. पुस्तकातलं रॅक आणि पिनिअन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक, तिथं दोनशे माणसं घेऊन डोंगर चढताना दिसतं.

मला एक प्रश्न हमखास विचारतात. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं इतकी वर्षं बोललं जातं, मग गगनबावड्याच्या घाटात अशी दातेरी गाडी का नको? मी स्पष्ट सांगतो, नको. तेरा किलोमीटर वेगानं चार-पाच डबे न्यायला ती ठीक. आपल्याला कोकणातल्या बंदरापर्यंत साखर न्यायची आहे, ओतकाम न्यायचं आहे, हजारो टन माल न्यायचा आहे. त्याला बोगदे आणि सौम्य चढ हाच मार्ग, खर्च कितीही होवो. दाते तिथंच लावावेत जिथं दुसरा इलाज नाही.

जायचं असेल तर बुकिंग बरंच आधी करा, जागा लवकर भरतात. गाडी मेट्टुपालयमहून सकाळी लवकर सुटते, तेव्हा आदल्या रात्री मुक्कामाला पोचा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, दरडी पडून मार्ग बंद होतो, ते महिने टाळा. चढतानाच बसा, उटीहून उतरताना नको, कारण इंजिनाचं खरं काम चढताना ऐकू येतं. वाटेत हिलग्रोव्हला इंजिन पाणी भरतं, तेव्हा चहाच्या मागं न लागता खाली उतरून रुळांच्या मधली पट्टी बघा. दात्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी काळपट दिसेल. भार कुठल्या बाजूनं येतो ते लगेच कळतं. कुन्नूरच्या पुढं दाते संपतात आणि उटीपर्यंत डिझेल इंजिन गाडी नेतं, म्हणून वेळ कमी असेल तर कुन्नूरलाच उतरा आणि तो वेळ तिथल्या इंजिन शेडजवळ घालवा.

नमस्कार.