राजाचा भाचा सुतार निघाला

नमस्कार श्रोतेहो! आजचा विषय जरा नाजूक आहे बरं का. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाचे बाप, आजोबा, पणजोबा कागदावर लिहिलेत तेच खरे का, हे डीएनए काढून तपासायचं. राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा रिचर्ड. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, वय अवघं ३२, लेस्टर शहरातल्या एका मठात घाईघाईनं पुरला, मग मठ पडला आणि कबर कुठे होती ते लोक विसरले.

२०१२ मध्ये तिथे खोदलं, कारण फिलिपा लँगली नावाच्या इतिहासवेड्या बाई हात धुऊन मागे लागल्या होत्या. आणि जागा कुठली, तर सरकारी ऑफिसचं कार पार्किंग! डांबरावर रिझर्व्ड जागेचा ‘आर’ रंगवलेला, आणि त्याच्या जवळच पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. पुढे अख्खा सांगाडा निघाला, कणा वाकडा, कवटीवर घाव. (आपल्याकडे पार्किंग खोदलं तर आधी पाइपलाइन फुटते आणि तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, असो.)

आता हाडं राजाचीच कशावरून? इथे तो किस्सा येतो, मला सांगायला फार आवडतो म्हणून सविस्तर सांगतो. रिचर्डला ॲन नावाची बहीण होती. जॉन ॲशडाउन-हिल नावाच्या इतिहासकारानं हे खोदकाम व्हायच्या कितीतरी आधी तिची लेक, लेकीची लेक, तिची लेक असं चिकाटीनं शोधत शोधत थेट कॅनडा गाठलं, तिथल्या जॉय इब्सेन नावाच्या बाईंपर्यंत. त्या खोदकामाआधीच वारल्या, पण त्यांचा मुलगा मायकेल लंडनमध्ये होता, फर्निचर बनवायचा. म्हणजे सुतार माणूस! त्यानं तोंडातला नमुना दिला आणि फक्त आईकडून मुलांना मिळणारा डीएनए राजाशी जुळला. सतरा पिढ्यांनंतरचा भाचा सापडला की हो. आणि पुढची गंमत ऐका, २०१५ मध्ये राजाला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरायचं ठरलं तेव्हा शवपेटी कुणी केली? याच मायकेलनं, ओक लाकडाची. मामाची पेटी भाच्याच्या हातची! मला तर यात सगळ्या राजवाड्यापेक्षा जास्त मजा येते. आणि वंशावळीत लेकींची नावं कोपऱ्यात लिहितात ना, आपल्या लग्नपत्रिकेत बघा, काकांची अख्खी रांग छापतात आणि आजीचं माहेर कुणाला आठवत नाही. इथे मात्र राजाची ओळख पटवायला लेकींचीच रांग उपयोगी पडली.

बरं, वेळ कमी उरलाय, बापाकडचं पटकन सांगतो. वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून मुलाला जातो, आडनावासारखा. कागदोपत्री रिचर्ड हा तिसऱ्या एडवर्ड राजाचा खापरपणतू. त्याच एडवर्डच्या आणखी एका मुलाच्या, जॉन ऑफ गॉन्टच्या शाखेतले, बोफोर्टच्या पाचव्या ड्यूकचे, म्हणजे एका बड्या सरदाराचे, पाच पुरुष वंशज टेस्टला तयार झाले. पाचांतल्या चौघांचा वाय एकमेकांशी जुळला, पाचव्याचा वेगळाच निघाला! आणि रिचर्डशी? एकाचाही नाही. पुन्हा सांगतो, एकाचाही नाही. आईकडून जुळलं, बापाकडून नाही.

म्हणजे रिचर्ड ते तो ड्यूक या १९ कड्यांत कुठेतरी बाप कागदावरचा नव्हता. नेमकी कडी कुठली ते या टेस्टवरून कळत नाही. एडवर्ड आणि गॉन्टच्या मधे असेल तर चौथा, पाचवा, सहावा हेन्री हे गॉन्टच्या वंशातले तीन राजे एडवर्डच्या रक्ताचे नाहीत, आणि पुढच्या ट्यूडर राजघराण्याच्या हक्कावरही बोट येतं. गंमत म्हणजे गॉन्ट हयात असतानाच हा गेंट शहरातल्या खाटकाचा पोरगा अशी कुजबुज होती. ड्यूकच्या अलीकडच्या पणजोबांपैकी कुणाकडे गडबड असेल तर राजगादीला काही फरक नाही. आणि म्हणून आजच्या राजघराण्याला कुणी खाली उतरवणार नाही हो, तिथे गादी कायद्यानं चालते.

कडी शोधायची तर मधल्या कुणाची तरी हाडं लागतील. एडवर्ड वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. गॉन्टची कबर होती जुन्या सेंट पॉलमध्ये, ती १६६६ च्या लंडनच्या आगीत गेली. तर तो मार्ग बंद. चला, बातम्यांची वेळ झाली.